फिका आकाशी, ठसठशीत आकाशी

निरोप समारंभात मला शाल, नारळ आणि कीबोर्ड मिळाला. कीबोर्ड नवा नव्हता, माझाच होता. त्याच्यावरची अक्षरं इतकी घासली गेली होती की माझ्या जागी आलेल्या गृहस्थांनी तो वापरायला साफ नकार दिला. मग प्राचार्यांनी तोच रंगीत कागदात गुंडाळून मला परत दिला. भाषणात ते म्हणाले, "सुर्वेबाई म्हणजे आपल्या कॉलेजचा कणा." कणा काढून घेतल्यावर बाकीचं कॉलेज कशाच्या आधाराने उभं राहणार, हे सांगण्याच्या आत बटाटेवडे आले.

रत्नागिरीतल्या या कॉलेजात मी लागले ती टायपिस्ट म्हणून. पुढे सर्व्हर घ्यायचं ठरलं. सर्व्हर म्हणजे सगळ्या कॉलेजची कागदपत्रं ज्याच्या पोटात राहतात तो संगणक. संस्थेच्या अध्यक्षांनी दोनच प्रश्न विचारले: हा कुठल्या फुकटच्या प्रणालीवर चालेल का, आणि याच्याकडे बघणार कोण? पहिल्याचं उत्तर होतं लिनक्स. दुसऱ्याचं उत्तर होते मी, कारण बाकीचे सगळे गणपतीच्या रजेवर गेले होते आणि माझ्या घरी दीड दिवसाचाच गणपती असतो.

आमच्या सर्व्हरवर चित्रंबित्रं काही नव्हती. माऊस नाही, खिडक्या नाहीत. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. तिथे 'एल-एस' एवढी दोन अक्षरं टाईप केली की आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत त्यातल्या फायलींची यादी समोर येते. माझ्या नोकरीचा निम्मा काळ ही यादी वाचण्यात गेला. बघणाऱ्याला वाटायचं बाई काहीतरी भयंकर करतायत. बाई नुसतं घरात कोण कोण आहे ते बघत असायच्या.

तर या यादीत रंग असतात. ते शोभेचे नसतात. निळं नाव म्हणजे फोल्डर, आत अजून सामान आहे. हिरवं नाव म्हणजे चालवता येणारी फाइल, प्रोग्रॅम. एकत्र बांधून दाबून ठेवलेली गाठोडी लाल. फोटो जांभळट गुलाबी. साधी कागदपत्रं पांढरी. आणि ज्याला कंपनीवाले सायन म्हणतात तो आमचा आकाशी. त्याच्याकडे मी नंतर येते, कारण माझं नाक त्यानेच कापलं.

या रंगांचा लोकांनी घेतलेला अर्थ हा वेगळाच विषय आहे. एकदा आमचे त्या वेळचे प्राचार्य माझ्या मागून पडद्याकडे बघत होते. यादीत सात-आठ लाल नावं दिसली आणि त्यांचा चेहरा उतरला. "बाई, व्हायरस!" मी म्हटलं, "सर, ती गाठोडी आहेत. जुन्या परीक्षांचे पेपर बांधून ठेवलेत." ते म्हणाले, "मग लाल का?" मी म्हटलं, "रंग मी नाही देत, आधीपासून ठरलेले असतात." त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी शिपाई लेखी सूचना घेऊन आला की सर्व्हरवरील लाल फायली तातडीने हिरव्या करण्यात याव्यात. मी सूचनेवर पोच सही केली आणि त्यांच्या पडद्यापुरते रंगच बंद करून टाकले. प्राचार्य खूश झाले आणि त्यांनी मला चहा पाजला.

उलट फिजिक्सच्या एका सरांनी पेनड्राइव्ह आणून लावला, तर त्यातल्या झाडून सगळ्या फायली हिरव्या. पेनड्राइव्हवरून आलेल्या प्रत्येक फायलीला लिनक्स बिचारं प्रोग्रॅम समजतं, कारण कोण काय करू शकतं ही नोंदच पेनड्राइव्हवर ठेवलेली नसते. सरांना वाटलं, हिरवं म्हणजे उत्तम. ते आठवडाभर स्टाफरूममध्ये सांगत होते की माझं संशोधन सर्व्हरने पास केलं. मी ते खोडून काढलं नाही. त्यांचं संशोधन त्यानंतर कुणीच पास केलं नाही, तेवढं सुख त्यांना असू द्यावं असं मला वाटलं.

आता आकाशी रंग. ठसठशीत, जाड आकाशी नाव म्हणजे लिंक. लिंक ही फाइल नसते, पाटी असते. डॉक्टर जागा बदलतात आणि जुन्या दारावर पाटी लावतात, 'दवाखाना समोरच्या बोळात हलवला आहे', तशी. तुम्ही पाटी वाचता आणि बोळात जाता. पाटी काढून टाकली तरी डॉक्टरांचं काही बिघडत नाही. पण डॉक्टर बोळातूनही गेले आणि पाटी तशीच राहिली, तर ती पाटी यादीत लाल होते. माणूस नाही, पत्ता तेवढा आहे.

दुसरीही एक जोडणी असते. तिला पक्की लिंक म्हणू. आपल्याकडच्या घरांना जसं पुढीलदार आणि मागीलदार, तसं एकाच फायलीला दोन नावं. यातलं खरं कुठलं आणि पाटी कुठली असा प्रश्नच नाही, दोन्ही दारं त्याच घराची. पुढीलदार भिंत घालून बुजवलं तरी घर जाग्यावर असतं, मागीलदारातून आत जाता येतं. शेवटचं दार बुजलं की मात्र घरही गेलं. लांबलचक यादी मागवली, म्हणजे 'एल-एस'ला पुढे 'डॅश एल' जोडलं, तर प्रत्येक फायलीच्या ओळीत एक आकडा येतो. तो या दारांचा आकडा. त्याच ओळीचं अगदी पहिलं अक्षर सांगतं की ही साधी फाइल आहे, फोल्डर आहे की पाटी.

पाटी करायची तर 'एल-एन' या आज्ञेला 'डॅश एस' लावायचं. तो लावायला विसरलात तर पाटीऐवजी मागीलदार तयार होतं. नवशिकी माणसं हटकून विसरतात. मी त्यांना हसायची.

आमच्या मराठी विभागाचे सोमणसर ही एक स्वतंत्र वल्ली. त्यांनी निवृत्तीच्या आधी तीन वर्षं एक उद्योग केला. पूर्णगडच्या धोंडू तांडेलांच्या होडीत बसून ते समुद्रात जायचे. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, तिचा कारभार त्याच्या हाती. किनाऱ्याजवळ पाण्याखाली दडलेले बारा खडक धोंडू तांडेलांना ठाऊक होते. दिसत तर एकही नाही. मग ओळखायचे कसे? जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की समजायचं, आपण खडकावर आलो. किल्ल्याचा बुरूज आणि मागच्या डोंगरावरचा वड, असं काहीतरी. प्रत्येक खडकाच्या खुणा तांडेल सांगायचे आणि सोमणसर त्यांच्या तोंडासमोर रेकॉर्डर धरायचे. बारा खडक, बारा फायली. सरांनी त्या माझ्याकडे सर्व्हरवर ठेवायला दिल्या आणि रेकॉर्डरमधलं कार्ड मुलीच्या लग्नाच्या फोटोंसाठी वापरून टाकलं.

त्यातली सातवी फाइल खास होती. सरांनी "दक्षिणेला की नैऋत्येला?" असं इतक्या वेळा विचारलं होतं की तांडेलांचा तोल सुटला आणि त्यांनी सरांना दोन मिनिटं अखंड सुनावलं. सरांना ती फाइल फार प्रिय. "बाई, ही माझ्या फोल्डरातसुद्धा दिसेल असं करा. नाव द्या प्रसाद. पाहुणे आले की ऐकवतो." मी एका मिनिटात करून दिलं. पाटी लावली असं मी समजत होते.

सर निवृत्त झाले. वर्षभराने कॉलेजला तपासणी समिती येणार म्हणून साफसफाईची लाट आली. ग्रंथालयाने झुरळं मारली, शिपायांनी नारळाच्या झावळ्या उचलल्या, मी सर्व्हर झाडायला घेतला. समुद्राच्या नावाचे दोन फोल्डर सापडले, एक मराठी विभागाच्या खाली, एक जुन्या साठ्यात. दोन्हीकडे तीच बारा नावं. एकीकडे पाट्या, एकीकडे खऱ्या फायली, एवढं मला आठवत होतं. मी जुन्या साठ्यातला फोल्डर उघडला. सगळं आकाशी दिसलं, म्हणजे या पाट्या. आर-एम, म्हणजे पुसायची आज्ञा. पुसलं. चहा प्यायले.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी दर वर्षी संगणकाच्या तासाला पोरांना फळ्यावर लिहून द्यायची. आवाजाच्या फायलींचा रंगसुद्धा आकाशीच असतो. फिका आकाशी. लिंक ठसठशीत, आवाज फिका. माझा मॉनिटर इतका जुना होता की त्याच्यावर ठसठशीत आणि फिकं यांच्यात फरक उरलाच नव्हता. पण मॉनिटरला दोष देऊन काय करू? लांब यादी मागवून पहिलं अक्षर वाचलं असतं तर दोन सेकंदांत कळलं असतं. 'रंगावर जाऊ नका, पहिलं अक्षर वाचा' हे वाक्य मी शेकडो पोरांच्या वह्यांत उतरवलं. मी स्वतः रंगावर गेले, कारण मला येत होतं ना सगळं!

वर कडी म्हणजे पुसल्यावर डिस्कवर बरीच जागा मोकळी झाली. पाट्यांना जागा लागत नाही. बारा पाट्या काढून एवढी जागा कशी निघाली, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला फक्त बरं वाटलं. बॅकअप मी रोज इमानेइतबारे घेत असे, सर्व्हरवर जे आहे तेच बॅकअपमध्ये, जे नाही ते नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी बॅकअपमधूनही बारा फायली शिस्तीत गेल्या. समितीने आमच्या सर्व्हरच्या नीटनेटकेपणाची तोंडभर स्तुती केली.

माझ्या निवृत्तीला तीन महिने होते तेव्हा एका दुपारी एक बाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिशीची असेल. हातात पिशवी.

"सर्व्हरच्या बाई तुम्हीच ना? मी सुगंधा. धोंडू तांडेलांची मुलगी, पूर्णगडची."

मी तिला बसवलं. तिने पिशवी टेबलावर ठेवली. आत घरचे सोडे होते, सोलून वाळवलेली कोळंबी. वासावरूनच कळलं की पहिल्या प्रतीचे.

"बाबांना लकवा मारलाय, बाई. अडीच वर्सं झाली. चालतात थोडं, पन तोंडातून शबूद फुटत नाय. माझी पोर दोन वर्सांची हाय, तिनं आज्याचा आवाज ऐकलाच नाय." मग म्हणाली, "मीच विसराय लागलेय. परवा आठवून बघितला, तर भलत्याच मानसाचा आवाज डोक्यात आला. तुमच्या सरांनी त्यांचं बोलनं भरून नेलेलं, ते इथं हाय म्हनतात. मोबाईलात द्याल?"

"देते की," मी म्हटलं आणि एल-एस टाईप केलं.

मराठी विभागाच्या फोल्डरमध्ये बाराही नावं लाल होती.

मी दुसऱ्यांदा टाईप केलं. लाल. मग मी लांब यादी मागवली, जी दीड वर्षापूर्वी मागवायला हवी होती. प्रत्येक पाटी इमानदारीत सांगत होती की फाइल जुन्या साठ्यात आहे, आणि तो फोल्डर मी माझ्या हाताने पुसला होता.

"झालं?" सुगंधाने विचारलं.

"आज सर्व्हर जरा बिघडलाय," मी म्हणाले. "पुढच्या सोमवारी बघू."

ती बिचारी "बरं" म्हणून गेली. सोडे ठेवून गेली. इतक्या वर्षांत मी सर्व्हरच्या नावावर पुष्कळ थापा मारल्या, प्राचार्यांना मारल्या, समितीला मारल्या, त्यांची मला कधी लाज वाटली नाही. या थापेची वाटली. पुढचे दोन दिवस मी पुसलेल्या फायली परत मिळवायचे सगळे उपाय करून बघितले, पण त्या जागेवर कधीच प्रवेश अर्जांचे फोटो येऊन बसले होते. तांडेलांच्या आवाजाच्या जागी मला प्रथम वर्ष वाणिज्यच्या पोरांचे चेहरे मिळाले.

तिसऱ्या दिवशी मी रिक्षा करून भाट्याला सोमणसरांच्या घरी गेले. सर अंगणात नारळ सोलत होते आणि नारळ त्यांना दाद देत नव्हता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सरांनी कोयता खाली ठेवला.

"बाराच्या बारा?"

"हो, सर."

"बाई, मी तीन वर्षं त्या होडीत ओकत होतो."

"माहीत आहे, सर. वहीत लिहिलेलं असेल ना काही?"

"वहीत आहे. पण ओकता ओकता लिहिलेलं. मलाच वाचता येत नाही." सरांनी पुन्हा कोयता उचलला. मग एकदम म्हणाले, "माझा प्रसाद?"

"सर, ती नुसती पाटी होती. मीच लावली होती. ती पण लाल झाली असणार."

"बघितलीत?"

मी बघितली नव्हती. मराठी विभागाच्या पाट्या लाल झाल्या तशी हीसुद्धा झाली असणार, यात बघायचं काय? पुन्हा तेच, मला येत होतं ना सगळं!

"तुम्ही आयुष्यभर मला बघा-बघा म्हणत आलात," सर म्हणाले. "आता मी म्हणतो, बघा." आणि ते लुंगी बदलायला आत गेले.

त्याच रिक्षाने आम्ही कॉलेजात आलो. सरांचा फोल्डर अजून होता. निवृत्तांचे फोल्डर पुसायची यादी माझ्या टेबलावर चिकटवलेली होती आणि सरांचं नाव तिच्यात तिसरं होतं, ते मी हाताने झाकलं. शेजारच्या खोलीत नवा मॉनिटर होता, तिथे बसलो. एल-एस.

प्रसाद लाल नव्हता. फिका आकाशी होता.

मी लांब यादी मागवली आणि या वेळी पहिलं अक्षर वाचलं. साधी फाइल. दारांचा आकडा एक. कधीकाळी तो दोन असणार. त्या दिवशी घाईत मी 'डॅश एस' विसरले होते, नवशिक्यासारखी. पाटीऐवजी मागीलदार करून ठेवलं होतं. पुढीलदार मी पुढे स्वतःच बुजवलं, आणि माझ्या जुन्या वेंधळेपणामुळे घर वाचलं. मला रडू आलं. सरांनी खिशातला रुमाल काढून दिला, त्याला नारळाच्या शेंड्या चिकटलेल्या होत्या.

एक खडक वाचला होता. अकरा गेले होते.

सोमवारी सुगंधाने यायच्या आधी आम्हीच पूर्णगडला गेलो. मी सोड्यांची पिशवी बरोबर घेतली होती, न उघडलेली. धोंडू तांडेल ओटीवर खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. सोमणसरांना बघून त्यांनी डाव्या हाताने काहीतरी खूण केली. "ओकाय आलास काय, असं इचारतायत," सुगंधाने सांगितलं.

मी तिच्या मोबाइलमध्ये फाइल घातली आणि लावली. आधी लाटांचा आवाज, मग सरांचा "दक्षिणेला की नैऋत्येला?" आणि मग तो आवाज आला. घोगरा, भरदार, वाऱ्यावर ओरडायची सवय असलेला.

"अरे मेल्या मास्तरा, सतरांदा तेच काय इचारतोस? बुरजाच्या डोक्यावर वड आला की खाली खडक! खडक तिथंच हाय, माझ्या आज्यापासून तिथंच हाय. तू कुठं हायस ते आधी बघ!"

पुढची दोन मिनिटं छापता येणार नाहीत. सरांच्या पदवीपासून त्यांच्या पोटापर्यंत सगळ्याचा उद्धार होता. सुगंधाने आधी दोन्ही हात तोंडावर धरले, मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. तिची पोर मोबाइलकडे आणि आज्याकडे आळीपाळीने बघत होती. तांडेल स्वतःच्याच शिव्या ऐकून खदखदत होते. आवाज फुटत नव्हता, पण सगळं अंग हलत होतं, आणि डावा हात वर करून ते सरांच्या दिशेने बोट नाचवत होते. सर कान धरून उभे होते.

"परत लावा," सुगंधा म्हणाली.

चार वेळा लावलं. चौथ्यांदा संपल्यावर तिने विचारलं, "बाकीचे? सरांनी बारा भरलेले ना?"

सर माझ्याकडे न बघता समुद्राकडे बघायला लागले. सर्व्हर बिघडला म्हणायची सोय अजूनही होती.

"अकरा मी पुसले," मी म्हणाले. "सर्व्हर बिघडला नव्हता. मी न बघता पुसले. ते परत येणार नाहीत."

तांडेलांचं बोट खाली आलं. त्यांना कळलं असावं, कारण ते बराच वेळ बुरजाच्या बाजूला बघत राहिले. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. सुगंधाने मोबाइल उचलला, बापाच्या कानाशी धरला आणि पाचव्यांदा लावला.

निघताना मी सोड्यांची पिशवी तिच्या पुढे केली. "हे घ्या. माझा हक्क नाही यांच्यावर."

तिने पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दिलेलं परत नाय घेत आम्ही," ती म्हणाली. "खा, नि ध्यानात ठेवा."

सोडे पावसाळ्यातच संपले. ध्यानात ठेवायचं काम अजून चालू आहे.